एकाच नागरिकाचे दोन दर्जे

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॉलोमन आणि रूबेन एटिंग हे दोन यहुदी बंधू राहत होते. १८०१ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी रूबेन यांची मेरिलँडकरिता मार्शल म्हणून नेमणूक केली. संघीय न्यायालयाचे हुकूम बजावणारा हा मानाचा अधिकारी. परंतु त्याच राज्यात रूबेन यांना नगरपालिकेत किंवा विधिमंडळात बसण्याची मात्र सोय नव्हती. माणूस तोच, शहर तेच. पण केंद्राच्या दृष्टीने तो पूर्ण नागरिक आणि राज्याच्या दृष्टीने अपुरा!

वाचकहो, हा चमत्कार घडला तो घटनेच्या रचनेमुळे. मेरिलँडने १७७६ साली आपली राज्यघटना केली, तेव्हा अधिकारपद स्वीकारणाऱ्याने ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा जाहीर केलीच पाहिजे, अशी अट तीत घातली. पुढे १७८७ साली संघराज्याची घटना तयार झाली. कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी लावू नये, असे तिच्या सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. पण ते केवळ केंद्राच्या पदांपुरते. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्मस्वातंत्र्याची ग्वाही दिली, तीही केंद्रीय काँग्रेसला उद्देशून. राज्ये संघाच्या आधी जन्मली होती. नव्या केंद्राची त्यांना धास्ती होती, म्हणून कुंपण घातले गेले ते केंद्राभोवती.

ही धास्ती अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. व्हर्जिनिया राज्याने १७८६ सालीच, म्हणजे संघीय घटनेच्याही आधी, धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला होता. स्वायत्त राज्य कधी कधी केंद्राच्या पुढे चालते. परंतु जे राज्य मागे राहते, तेथील नागरिकाने दाद कोणाकडे मागावी?

सॉलोमन एटिंग यांनी १७९७ साली विधिमंडळाकडे अर्ज केला. तो निष्फळ ठरला. १८१८ साली टॉमस केनेडी या सदस्याने हा प्रश्न हाती घेतला. केनेडी स्वतः ख्रिस्ती. यहुद्यांशी त्यांचा परिचयही नव्हता. मेरिलँडमध्ये यहुदी मूठभरच आहेत, असा आक्षेप निघू शकत होता. त्यावर केनेडींची भूमिका अशी की, एकच यहुदी असता तरी त्याला न्याय देणे हे आपले कर्तव्यच ठरले असते. राज्यघटना बदलण्यासाठी विधेयक एकदा मंजूर होऊन, मध्ये निवडणूक होऊन, नव्या विधिमंडळाने त्यास पुन्हा संमती द्यावी लागे. १८२२ साली पहिली पायरी ओलांडली गेली. पण १८२३ च्या निवडणुकीत ख्रिस्ती धर्माच्या नावाने प्रचार झाला, केनेडी पराभूत झाले आणि विधेयक बुडाले. ते पुन्हा निवडून आले, पुन्हा झगडले. अखेर १८२६ साली कायदा झाला व त्याच वर्षी सॉलोमन एटिंग आणि जेकब कोहेन हे बाल्टिमोरच्या नगरपालिकेवर निवडून आले.

तथापि दार उघडले तरी उंबरठ्यावर पहारा राहिलाच. पद स्वीकारणाऱ्या यहुद्याने परलोकातील शिक्षा व पारितोषिक यांवर विश्वास असल्याचे सांगावे, असे बंधन त्या कायद्यात होते. राज्याने मन बदलले म्हणून हक्क मिळाला होता. घटनेने तो दिलेला नव्हता. याच बाल्टिमोरच्या एका धक्कामालकाचा दावा १८३३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा संघीय हक्कांची सनद राज्यांना लागू नाही, असाच निर्णय झाला. यादवी युद्धाचा रक्तपात झाल्यावर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती आली आणि तिच्या आधारे विसाव्या शतकात न्यायालयाने हे हक्क एकेक करून राज्यांवर बंधनकारक केले. मेरिलँडमध्येच रॉय टोर्कासो यांना परमेश्वरावरील श्रद्धा जाहीर न केल्यामुळे नोटरीचे पद नाकारले गेले होते. ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली रद्द केली. एटिंग यांच्या अर्जानंतर १६४ वर्षांनी!

राज्यांना अधिकार असावेत, याबद्दल दुमत नाही. परंतु आपला कारभार आपण करण्याचा समूहाचा हक्क वेगळा आणि आपल्यातील दुबळ्याला वगळण्याचा हक्क वेगळा. संघीय घटनेतील व्यक्तिस्वातंत्र्य हे घराचे जोते होय. राज्याने त्यावर हवे तितके मजले चढवावेत. जोते मात्र खणू नये. भारताच्या घटनाकारांनी हा धडा ध्यानी ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. १९५० साली अमलात आलेल्या त्या घटनेतील मूलभूत हक्क प्रारंभापासूनच केंद्राला आणि घटकराज्यांना सारखेच बांधून ठेवतात. आपल्यापैकी जे त्या छत्राखाली वाढले, त्यांना ही गोष्ट हवेसारखी सहज वाटली. तिची किंमत इतरत्र किती मोजावी लागली, हे त्यांस ठाऊक नसावे.

इस्रायल हे संघराज्य नव्हे. तरीही विवाहाच्या बाबतीत आपल्याला वेगळे काढणाऱ्या नियमाविरुद्ध आपण झगडलो आणि १९६४ साली क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपणही मूठभरच होतो. देशस्थाला आणि परक्याला नियम एकच असावा, असे तोरा आपल्याला शिकवते. आज आपण कोठे बहुसंख्य असू, तर आपल्या दारी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या त्या एकट्या माणसाकडे केनेडींच्या दृष्टीने पाहणे, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.