वहींतलीं माणसें

इतिहासाच्या परीक्षेंत आमचीं मुलें लढायांचे सन बिनचूक लिहितात. परंतु त्याच काळीं कुणबी काय खात होता, मुलींचीं लग्नें कोणत्या वयांत होत, असें विचारलें कीं वर्गांत शांतता पसरते. हा दोष मुलांचा नव्हे. फार दिवस इतिहासकारांनींच हे प्रश्न क्वचित् विचारिले.

१९२९ सालीं मार्क ब्लॉक व ल्यूसियँ फेव्र या फ्रेंच प्राध्यापकांनीं 'अनाल' नांवाचें नियतकालिक काढिलें, आणि दरबाराकडे लागलेली इतिहासाची दृष्टि शेतें, बाजार व घरें यांकडे वळूं लागली. इंग्लंडांतील गोष्ट तर आम्हां ख्रिस्ती लोकांस विशेष जवळची आहे. १५३८ सालीं टॉमस क्रॉम्वेल यानें हुकूम काढिला कीं, प्रत्येक पॅरिशनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद वहींत करावी व ती वही दोन कुलपांच्या पेटींत ठेवावी. एक किल्ली पाळकाजवळ, दुसरी पंचांजवळ. १९६४ सालीं केंब्रिज येथें पीटर लॅस्लेट व टोनी रिग्ली यांनीं अभ्यासमंडळ स्थापिलें, आणि ४०४ पॅरिशांच्या नोंदी मोजून १९८१ सालीं इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास सिद्ध झाला. शेक्सपियरची ज्यूलिएट पुरती चौदा वर्षांचीही नाहीं. म्हणून त्या काळीं सर्वच मुलींचीं लग्नें लवकर होत, असा समज असे. वह्यांनीं तो खोटा ठरविला. सामान्य घरची मुलगी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास विवाह करी. कोणत्या राजाच्या चरित्रांत हें सांपडलें असतें?

तथापि वहींत दफनाची तारीख असते, आईचे अश्रु नसतात. या शास्त्राचे कांहीं अभिमानी आंकड्यांतच रमतात, तें आम्हांस पटत नाहीं. १८५५ सालीं 'ज्ञानोदया'नें फुले दांपत्याच्या शाळेंतील मुक्ताबाई या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध छापिला. पोरीचें लिखाण म्हणून संपादकांनीं तो बाजूस टाकिला असता तर?

एका ख्रिस्तमंदिराच्या जुन्या वह्या वाळवीनें खाल्लेल्या आम्हीं पाहिल्या. उरलेल्या रद्दींत गेल्या. त्या वेळीं आम्हांसही कांहीं वाटलें नाहीं, हें लाजेनें कबूल करितों. पालकांनीं नाताळच्या साफसफाईंत जुनीं पत्रें व हिशेबाच्या वह्या फेकूं नयेत. आणि मुलांनो, या सुटींत आजीजवळ बसा. तिच्या लहानपणीं जोंधळ्याचा भाव काय होता, विहीर किती दूर होती, आणि तेथें कोणास पाणी भरूं देत नसत, हें तिच्याच शब्दांत लिहून घ्या. वर तारीख घालण्यास विसरूं नका.