नरभक्षक वाघ आणि वनाधिकाऱ्यांचे अधिकार

ता. १० मे २०२५ रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यांत मृत्युमुखीं पडल्या, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. अशा प्रत्येक प्रसंगीं गांवकरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास घेरून ‘वाघास आजच मारा’ असें म्हणतात, आणि तो ‘वर कळवितों’ एवढेंच उत्तर देतो. लोकांस ही टाळाटाळ वाटते. यांत दोष माणसाचा किती व पद्धतीचा किती, हें शांतपणें पाहिलें पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वाघ पहिल्या अनुसूचींत येतो. तो मनुष्याच्या जीवास धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच ११ व्या कलमान्वये लेखी व सकारण हुकूम निघतो. आणि पकडणें, बेशुद्ध करणें किंवा अन्यत्र नेणें अशक्य ठरल्यावांचून ठार मारण्याचा हुकूम देतांच येत नाहीं. कायद्याच्या भाषेंत पकडणें हेंही शिकारींतच मोडतें. पांचव्या कलमानें या अधिकाऱ्यास आपले इतर अधिकार हाताखालच्यांकडे सोंपवितां येतात. हा एक मात्र येत नाहीं. त्याची कचेरी नागपुरास. म्हणजे ५० व्या कलमाखालीं ज्या वनाधिकाऱ्यास संशयितास अटक करतां येते, त्यास गांवाच्या वेशीवर आलेल्या वाघास पिंजऱ्यांत घालण्याचा हुकूम स्वतः देतां येत नाहीं.

मग हें बंधन काढून टाकावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. क्षोभाच्या भरांत भलत्याच वाघाचा बळी जातो आणि खरा अपराधी मोकळा राहतो. २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील ‘अवनी’ वाघिणीच्या हुकुमांत हात घालण्याचें सर्वोच्च न्यायालयानें नाकारलें, तरी २ नोव्हेंबरच्या रात्रीं ती ज्या रीतीनें मारली गेली त्यावर मोठा वाद माजला. नुसतें स्थलांतरही रामबाण नव्हे. २०१७ सालीं ब्रह्मपुरीच्या रानांत पकडलेली वाघीण बोरच्या जंगलांत सोडली. तेथेंही माणसें मेलीं, आणि अखेर विजेच्या तारेनें तिचा अंत झाला. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२२ सालीं वडशाजवळ पकडलेल्या वाघाच्या नांवावर तेरा मृत्यु जमा होते. सावधगिरी कायद्यानें सांगितली आहे. दिरंगाई कोणत्या कलमानें सांगितली?

आत्मसंरक्षणाविषयींही लोकांत अज्ञान फार. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवितांना सद्भावनेनें वन्य पशूस मारणें हा गुन्हा नव्हे. मात्र त्या वेळीं मारणारा स्वतःच हा कायदा मोडीत असेल, तर ही सवलत त्यास नाहीं. शेताभोंवतीं वीज सोडलेली तार हें आत्मसंरक्षण नव्हेच. तिनें वाघाप्रमाणें शेजारीही मरतो. उलट तेंदू वेंचणारी स्त्री कांहीं चोर नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनवासी समाजास दिला आहे. ‘जंगलांत गेलीच कशाला?’ हा प्रश्न जे पेढीवर बसून विचारतात, त्यांनीं तेंदूचा व्यापार कोणाच्या श्रमावर चालतो हें आठवावें.

आमच्या मतें सुधारणा तीन ठिकाणीं हवी. पहिल्या मृत्यूनंतर वाघाची ओळख पटवून अहवाल धाडण्यास दिवसांची मुदत असावी, आणि हुकूम वा नकार सकारण मराठींत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरें, राष्ट्रीय व्याघ्र संरक्षण प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीप्रमाणें समितींत पंचायतीचा प्रतिनिधि असावयाचा, तो केवळ सहीपुरता नसावा. तिसरें, हंगामापूर्वीं धोक्याचीं रानें जाहीर करून तेथील बुडालेली मजुरी द्यावी. मृत्यूनंतर पंचवीस लक्ष रुपये देणारें सरकार मृत्यूपूर्वीं चार दिवसांची मजुरी देऊं शकत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.

लोकांनींही आपलें कर्तव्य ओळखावें. वाघाभोंवतीं जमलेली गर्दी बेशुद्ध करणाऱ्या पथकाच्या कामांत विघ्न आणते. अधिकार नागपुरास असो. उत्तर मात्र सिंदेवाहीस आणि वेळेवर मिळालें पाहिजे.