लस ही मेहेरबानी नव्हे, वसतिगृहातल्या पोरांचा हक्क आहे

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाई गेल्या, हे आपण दरवर्षी सांगतो. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने फणफणलेले पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच संसर्गाने त्यांचा बळी घेतला. पण बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली होती, हे आपण सांगत नाही. दोन महिन्यांत ती लस मुंढव्याला पोचली नसती, हे मान्य. पण आता सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. यशवंतरावांचा दवाखाना होता त्याच हडपसर परिसरातून आज सिरम इन्स्टिट्यूट जगभर लशी पाठवते. मग आपल्या वसतिगृहातल्या पोरापर्यंत लस का पोचत नाही?

आम्ही वसतिगृहांमध्ये काम करतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांच्या वसतिगृहात ऐन परीक्षेच्या तोंडावर गालगुंडाची साथ आली. एका खोलीत सहा-सहा मुले, एकच पाण्याचा माठ, एकच पेला. आठवडाभरात अकरा जणांचे गाल सुजले. गृहपालांनी काय केले? पोरांना एसटीत बसवून गावी धाडले. म्हणजे साथ गावोगाव पोचवली. त्यातल्या चौघांचे पेपर बुडाले. एकाला अंडकोषाची सूज आली, लाजेपोटी त्याने चार दिवस कुणाला सांगितलेच नाही. कॉलेजचे उत्तर एका ओळीत होते, ‘हजेरी कमी आहे.’

हे दुर्दैव होते का? नाही. गालगुंडावर लस आहे आणि ती कित्येक दशकांपासून आहे. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजणाऱ्या घरातल्या बाळाला एमएमआर मिळते, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची लस. सरकारी लसीकरणात मिळते ती एमआर. त्यात गालगुंड नाही. ही वजाबाकी कुणी जात पाहून केली, असे आमचे म्हणणे नाही. पण सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोण उभे असते आणि खासगी दवाखान्याच्या एसीत कोण बसते, हे समाजशास्त्राची पदवी नसलेल्यालाही कळते. जातीचे नाव न घेताही जातीचे काम चालते, ते असे.

आणि प्रश्न एका गालगुंडाचा नाही. हिपॅटायटिस बीची लस सरकारी कार्यक्रमातून देशभर पोचायला २०११ साल उजाडले. त्याआधी जन्मलेली कितीतरी मुले आज कॉलेजात आहेत. त्यातल्या आपल्या अनेक मुली नर्सिंगला आहेत, मुले लॅब टेक्निशियनचा कोर्स करत आहेत, रोज रक्ताच्या बाटल्या हाताळत आहेत. त्यांना ही लस मिळाली आहे का, हे किती ठिकाणी विचारले जाते? टायफॉइडचेही तेच. टाकी वर्षानुवर्षे न धुतलेली, मेसचे पाणी गढूळ. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची लस मोफत दिली. एका महापालिकेला जे जमते ते समाजकल्याण खात्याला का जमू नये?

‘यंत्रणा नाही’ हे उत्तर आम्हाला देऊ नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच सरकारने ‘मिशन युवा स्वास्थ्य’ काढून कॉलेजांमध्ये कोविड लसीकरणाची शिबिरे घेतली. तेव्हा दोन मात्रांशिवाय वर्गात पाऊल ठेवता येत नव्हते. साथ सगळ्यांच्या दारात आली तेव्हा यंत्रणा होती. ती फक्त वसतिगृहाच्या दारात आली की यंत्रणा कुठे जाते? राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला निघालेल्या आपल्या पोराला तिथली बहुतेक विद्यापीठे गोवराच्या लशीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. इथे वसतिगृहाच्या प्रवेशाला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो. लसीकरणाचे कार्ड कुणी मागत नाही.

आता थोडे आपल्या माणसांशी. ‘लस म्हणजे कंपन्यांचे कारस्थान’ असे व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर फिरतात. मित्रहो, पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढायला आपल्याच आज्याला लावले होते. तो गाडा फेकून देऊन आपण धम्म स्वीकारला. आता मोबाइलवरून आलेला नवा गाडा का ओढायचा? देवी नावाचा रोग नवसाने गेला नाही, टोचण्याने गेला.

पण संशय सगळाच खुळा नाही, हेही आम्ही सांगणार. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा अभ्यास झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्ममला कित्येक संमतीपत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या! सात मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे झाले नसावेत, असे चौकशीत निघाले. पण संमतीच्या नावाखाली जे झाले त्यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. त्यातून धडा हा घ्यायचा की आपल्या देहाबद्दलची सही दुसऱ्याने करू नये. लस नाकारावी, हा धडा नव्हे. कॉलेजातला विद्यार्थी अठरा वर्षांचा आहे. त्याला मराठीत समजावून सांगा, त्याचे प्रश्न ऐका आणि सही त्यालाच करू द्या.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी चांगले जेवण द्या, मोकळ्या खोल्या द्या, लशीचे मग बघू. जेवण आणि खोल्या हव्यातच. क्षयरोगापासून तरुणांचे भरवशाने रक्षण करणारी लस आज हाताशी नाही, बीसीजीचा उपयोग मुख्यतः लहान मुलांना होतो. तिथे हवा, उजेड आणि पोटभर अन्न हेच संरक्षण. पण जिथे लस आहे, तिथे ‘मग’ कशाला? सवर्णांच्या पोराला दोन्ही मिळतात. आपल्या पोराने एकच का निवडावे?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. वसतिगृह प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाची लसीकरणाची नोंद तपासा आणि राहिलेल्या लशी मोफत द्या: एमएमआर, हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, टायफॉइड. कार्ड हरवले म्हणून कुणाला प्रवेश नाकारू नका. वसतिगृह न मिळाल्याने स्वाधार योजनेवर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनाही यात घ्या. आजारी पडलेल्याला गावी न हाकलता वेगळी खोली, उपचार आणि बुडालेल्या पेपरची पुन्हा संधी द्या. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. आपण भीक मागत नाही.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पोरगा शिकायचा तर तो आधी जगला पाहिजे, टिकला पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. येत्या आठवड्यात आपापल्या वसतिगृहात एक कागद फिरवा. नाव, वय, कोणत्या लशी झाल्या, कोणत्या राहिल्या. तो भरलेला कागद निवेदनाला जोडा आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या टेबलावर ठेवून पोच घ्या. सावित्रीमाईंनी ते पोर पाठीवर घेतले, कारण त्यांच्या हाती पाठीशिवाय दुसरे काही नव्हते. आपल्या हाती आज लस आहे. तरीही पोरे आजारी पडत राहिली तर १० मार्चला फुले वाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.

जय भीम!