मेकॅनिकलमधलं 'डिझाइन'

मेकॅनिकलला 'मशीन डिझाइन' नावाचा पेपर असतो. पीएसजीचं डेटा बुक उघडा, शाफ्टचा व्यास काढा, फॅक्टर ऑफ सेफ्टी लावा... झालं डिझाइन! यात वापरणारा माणूस कुठेय?

शहाडला सकाळी लोकलमध्ये चढा आणि वरचं हँडल बघा. रॉड किती भार पेलेल ते आपला इंजिनीयर चोख सांगेल. बुटक्या बाईचा हात तिथवर पोचतो का, हा प्रश्न त्याच्या पेपरातच नाही.

पवईच्या आयआयटीत आयडीसी आहे, १९६९ पासून. पण बी.डेस. सुरू व्हायला २०१५ उजाडलं. तोवर आधी इंजिनीयरिंग किंवा आर्किटेक्चर संपवा, मग एम.डेस. म्हणजे चार वर्षं माणूस विसरायचा आणि पुढची दोन वर्षं तो आठवायचा. आता डिग्र्या वेगळ्या, पोरंही वेगळी.

सिलॅबसमध्ये जागा नाही म्हणे. दुकानातून विकत आणलेल्या बी.ई. प्रोजेक्टला बरी असते! तीच द्या. शहाडला लागून उल्हासनगर आहे, छोट्या वर्कशॉप्सचं (तो 'मेड इन यूएसए'चा विनोद पुरे आता). दोन्हीकडची पोरं सहा महिने तिथे एकत्र बसवा, आणि मार्क वस्तूला द्या, ब्लॅक बुकला नको.