खेळाडूचें मोल आणि खेळाची बातमी

वर्तमानपत्राचें क्रीडापृष्ठ हें तरुणांचें आवडतें पृष्ठ होय. पहिल्या पानावरील राजकारण वडिलांनीं वाचावें आणि शेवटच्या पानावरील खेळ मुलांनीं वाचावा, अशी वांटणी कित्येक घरांतून आपोआप झालेली असते. म्हणून हें पृष्ठ मुलांस कोणती दृष्टि देतें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. सामन्याचा चांगला वृत्तांत वाचून मूल खेळ पाहावयास शिकतें. संकटाच्या वेळीं कोणी धीर धरला, कोणाच्या चुकीनें डाव फिरला, पराभव कोणी शांतपणें सोसला, हें त्याच्या ध्यानांत येतें. परंतु त्याच पृष्ठावर खेळाच्या जागीं खेळाडूची किंमत छापली जाऊं लागली, तर मूल काय शिकेल? अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांच्या बाबतींत हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या स्वरूपांत उभा राहिला आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत विद्यापीठांचे सामने म्हणजे केवळ विद्यार्थ्यांची करमणूक नव्हे. चेंडू हातांत घेऊन धावण्याचा जो तिकडील फुटबॉल, त्याचे आणि बास्केटबॉलचे आंतरविद्यापीठ सामने लाखो लोक पाहतात. या खेळांचें नियमन १९०६ सालीं स्थापन झालेली नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना करिते. तिचा अनेक दशकांचा दंडक असा होता कीं, खेळाडूनें शिष्यवृत्ति घ्यावी, भोजन-निवासाचा खर्च घ्यावा. परंतु आपलें नांव किंवा चेहरा जाहिरातीस देऊन एक डॉलरही मिळवूं नये. खेळाची शुद्धता पैशानें बिघडूं नये, असें त्याचें कारण सांगितलें जाई. तथापि हीच संघटना त्याच खेळाडूंचे सामने दूरचित्रवाणीस विकीत होती. पुरुषांच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ सालीं आणखी आठ वर्षांसाठीं वाढविण्यांत आला, त्या वाढीव मुदतीचें मोल ८८० कोटि डॉलर होतें. उपास एकानें करावा आणि पारणें दुसऱ्यानें फेडावें, असा हा प्रकार होता.

या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का एका जुन्या खेळाडूनें दिला. १९९५ सालीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विजयी बास्केटबॉल संघांत खेळलेल्या एड ओबॅनन यास एका व्हिडिओ खेळांत स्वतःचीच हुबेहूब प्रतिमा धावतांना दिसली. त्या खेळाच्या विक्रीचा पैसा त्याच्या वांट्यास आला नव्हता. त्यानें २००९ सालीं दावा लाविला. पुढें २०१९ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें खेळाडूंस आपल्या नांवाचा मोबदला घेण्याची मोकळीक देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनीं, शिक्षणाशीं निगडित लाभांवर संघटनेनें घातलेल्या मर्यादा एकमतानें अवैध ठरविल्या. अखेर १ जुलै २०२१ पासून संघटनेनें आपला जुना निर्बंध मागें घेतला, आणि विद्यार्थी खेळाडूंस जाहिरातींचें दार खुलें झालें. ६ जून २०२५ रोजीं मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनें तर स्वतः विद्यापीठांसच खेळाडूंस पैसे देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ या वर्षीं त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटि ५ लाख डॉलर इतकी ठेवण्यांत आली.

खेळाडूस मिळणारा हा मोबदला न्याय्य आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याच्या श्रमावर सारा मंडप उभा आहे, त्यासच मंडपाबाहेर ठेवणें हें शुद्धतेचें लक्षण नव्हे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानें २०२३ सालीं आपल्या फुटबॉल शिक्षकास मुदतीपूर्वीं दूर केलें, तेव्हां करारान्वयें त्यास ७ कोटि ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम देणें प्राप्त झालें. जेथें शिक्षकास घरीं बसण्याचे इतके पैसे मिळतात, तेथें मैदानांत धावणाऱ्या मुलास मिळालेल्या चार पैशांनींच खेळ बाटतो, असें म्हणणें शोभत नाहीं. तेव्हां आमची तक्रार खेळाडूच्या मिळकतीविषयीं नसून त्या मिळकतीच्या बातमीविषयीं आहे.

पूर्वीं पैशाची बातमी ही अपराधाची बातमी असे. डल्लास शहरांतील एका दूरचित्रवाणी केंद्रानें १९८६ सालीं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंस गुप्तपणें पैसे दिले जात असल्याचें उघड केलें. त्यावरून संघटनेनें त्या विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. रेगी बुश यास २००५ सालीं मिळालेलें हाइझमन पारितोषिक अशाच आरोपांमुळें २०१० सालीं गमवावें लागलें. काळ कसा पालटला पाहा: २०२४ सालीं तेंच पारितोषिक त्यास सन्मानानें परत करण्यांत आलें! ज्या कृत्याबद्दल वर्तमानपत्रें खेळाडूस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत, तें आतां रीतसर व्यवहार ठरलें. त्या जुन्या शोधकार्यांत कित्येक मुलांवर अन्याय झाला असेल. परंतु त्यांत एक गुण होता. बातमीदारास पुरावा मिळवावा लागे. कोणी, कोणास, किती व कशासाठीं दिलें, हें सिद्ध केल्यावांचून त्यास लिहितां येत नसे.

आजची पैशाची बातमी ही बाजारभावाची बातमी झाली आहे, आणि तिच्यांत हाच गुण हरपला आहे. अमेरिकेंतील ऑन-थ्री हें क्रीडावृत्त देणारें संकेतस्थळ खेळाडूंच्या नांवापुढें त्यांचें मोल डॉलरांत प्रसिद्ध करितें. हे आंकडे म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली रक्कम नव्हे. तो गणितानें बांधलेला अंदाज आहे. परंतु अंदाज हा शब्द बारीक अक्षरांत राहतो आणि आंकडा मथळ्यांत चढतो. त्यांतच विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष मैदानाबाहेर बसण्याची जुनी अट २०२१ सालीं शिथिल झाली. त्यामुळें कोण कोठें चालला, कोणास कोणी किती देऊं केलें, याची चर्चा सामने नसतांनाही बारा महिने चालूं शकते. सामना दोन-तीन तासांत संपतो. बाजार कधींच उठत नाहीं.

या बातम्यांची सत्यता कशी ठरवावी? विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गुप्ततेसाठीं केलेला १९७४ चा कायदा पुढें करून कित्येक विद्यापीठें हे करार उघड करीत नाहींत. मग बातमीदारास आंकडा मिळतो तो बहुधा कोणा मध्यस्थाकडून. आणि मध्यस्थाचा लाभ तर आंकडा फुगविण्यांतच असतो! नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेचें उदाहरण बोलकें आहे. २०२४ च्या सप्टेंबरांत तिचा फुटबॉल संघ पहिले तिन्ही सामने जिंकून उभा होता. अशा वेळीं संघाचा मुख्य खेळाडू मॅथ्यू स्लुका अकस्मात् संघ सोडून गेला. एक लाख डॉलर देण्याचें तोंडी वचन मोडलें, असें त्याच्या मध्यस्थानें सांगितलें. विद्यापीठानें तें नाकारलें. कागद कोणाजवळच नव्हता. देशभर त्या लाख डॉलरांचा गाजावाजा झाला. मात्र खरें कोणाचें, याचा निर्णय वाचकास करतां येण्याजोगा नव्हता. आणि जे बाकीचे गडी जिंकूनही एका रात्रींत मुख्य खेळाडूविना राहिले, त्यांची कथा त्या गदारोळांत मागें पडली.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. खेळाडूस स्वतःचें नांव व स्वतःचा आवाज लाभल्यानें बातमीच्या जगांत कांहीं चांगलेंही घडलें आहे. २०२१ च्या मार्चमध्यें, म्हणजे नवा नियम येण्यापूर्वीं थोडेच महिने, ऑरेगन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्स हिनें समाजमाध्यमावर एक लहानसें चित्रण प्रसिद्ध केलें. पुरुषांच्या अजिंक्यपद स्पर्धेंत व्यायामाची भव्य सिद्धता, आणि स्त्रियांच्या स्पर्धेंत मूठभर वजनांची एकच मांडणी, असा त्यांतील देखावा होता. एका खेळाडूच्या हातांतील यंत्रानें तें सर्व देशास दाखविलें, आणि संघटनेस चौकशी करावी लागली. नवा नियम ज्या दिवशीं आला, त्याच दिवशीं फ्रेस्नो येथील हॅना व हेली कॅव्हिंडर या जुळ्या बहिणींनीं एका दूरध्वनी कंपनीशीं करार केला. ज्या मुलींच्या खेळास वर्तमानपत्रें पूर्वीं चार ओळी देत, त्यांच्याकडे यामुळें लक्ष वळलें, हें नाकारतां येणार नाहीं.

या संबंधांत आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिचें उदाहरण आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटतें. तिच्याजवळ मोठमोठ्या कंपन्यांचे करार होते. पण तिच्याविषयींच्या बातम्यांत प्रथम खेळ होता. ३ मार्च २०२४ रोजीं तिनें पीट मॅराविच याचा ३,६६७ गुणांचा चोपन्न वर्षें अबाधित राहिलेला विक्रम मोडला. पुढें ७ एप्रिल रोजीं साउथ कॅरोलिना व आयोवा यांच्यांतील स्त्रियांचा अंतिम सामना सुमारें १ कोटि ८९ लाख लोकांनीं पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यास १ कोटि ४८ लाख प्रेक्षक लाभले. स्त्रियांच्या सामन्यानें पुरुषांच्या सामन्यास अशा प्रकारें मागें टाकण्याचा हा पहिलाच प्रसंग. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो सामना क्लार्क हिचा संघ हरला. तरी लोकांनीं तो पाहिला, कारण त्यांस तिचा खेळ पाहावयाचा होता.

येथें आमच्या मतें सारें रहस्य आहे. आधीं खेळ, मग कीर्ति, मग मोल, हा क्रम जेथें पाळला जातो, तेथें पैशाची बातमी कोणाचें अहित करीत नाहीं. परंतु आधीं मोल, मग कीर्ति आणि खेळ सर्वांच्या शेवटीं, असा उलटा क्रम लागला कीं अनर्थास आरंभ होतो. २०२२ च्या मार्चमध्यें अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित क्रीडापत्रानें बातमी दिली कीं, शाळेंत शिकणाऱ्या एका खेळाडूस ८० लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळूं शकेल असा करार झाला आहे. त्या मुलानें विद्यापीठाच्या मैदानावर अद्याप एक पाऊलही टाकलें नव्हतें! अशा मुलानें पहिला चेंडू चुकविला तर प्रेक्षक शिकाऊ मुलाची चूक पाहत नाहींत. ऐंशी लाखांची चूक पाहतात. आठरा वर्षांच्या खांद्यावर हें ओझें वर्तमानपत्रानें ठेवावें काय?

आपल्याकडेही ही गोष्ट परकी राहिलेली नाहीं. १९८८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत सेंट झेवियर्स हायस्कूलविरुद्ध शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. एक चौदा वर्षांचा, दुसरा सोळा वर्षांचा. तो आंकडा आजही लोकांच्या तोंडीं आहे; पण तो धावांचा आंकडा आहे, रुपयांचा नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरांत वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाचें नांव देशभर गाजलें, तें लिलावांतील १ कोटि १० लाख रुपयांमुळें. २०२५ च्या एप्रिलांत त्यानें ३५ चेंडूंत शतक ठोकून आपलें नांव खेळानें मिळविलें, ही आनंदाची गोष्ट. परंतु तसें शतक न होतें तर आपण त्या बालकास काय म्हटलें असतें, याचा विचार प्रत्येक वाचकानें मनाशीं करावा.

वर्तमानपत्रांनीं पैशाविषयीं मौन पाळावें, असें आमचें म्हणणें नाहीं. मौन पाळलें तर लबाडांचेंच फावेल. आमची अपेक्षा इतकीच आहे. पहिली ही कीं, आंकडा छापतांना तो कोणी दिला व तो करार आहे कीं अंदाज, हें त्याच ठळक अक्षरांत छापावें. दुसरी ही कीं, ज्यानें शाळा सोडलेली नाहीं, त्याच्या किंमतीचे तक्ते देऊं नयेत. आणि तिसरी ही कीं, एकेका मुलाच्या खिशांत डोकावण्यापेक्षां विद्यापीठानें एकंदर किती खर्च केला, त्यांतील मुलींस किती व लहान खेळांस किती मिळालें, याचा हिशेब मागावा. खरें लोकहित त्या हिशेबांत आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. अमेरिकेंत ही मोकळीक आतां शाळांपर्यंत उतरली आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यांत २०२४ सालीं एका शालेय खेळाडूच्या आईनें दावा लाविल्यावर तेथील बंदी न्यायालयानें उठविली. त्या मातेचा हक्क आम्हांस मान्य आहे. परंतु हक्क मिळाल्यावर घरांत प्रथम कोणता प्रश्न विचारला जातो, यावर मुलाचें शील अवलंबून राहतें. मूल मैदानावरून घरीं आलें म्हणजे "आज कसा खेळलास?" असें विचारणारें घर आणि "तुला काय मिळेल?" असें विचारणारें घर, यांतून दोन निराळीं माणसें बाहेर पडतात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्तमानपत्र तुमच्या आवडीप्रमाणें घडतें, हें विसरूं नका. ज्या बातमीवर तुमची नजर खिळते, तीच उद्यां अधिक मोठ्या अक्षरांत येईल. किंमतीचा मथळा दिसला तर वाचा. पण तेथेंच थांबूं नका. सामना कसा झाला, हरणाऱ्यानें कोठें चूक केली, कोणत्या अप्रसिद्ध गड्यानें संघ सांवरला, हें शोधून वाचा. आणि तें कोठेंच छापलेलें नसेल, तर पत्राच्या संपादकांस तसें कळवा. खेळाडूस त्याच्या श्रमाचा पैसा अवश्य मिळावा. वाचकास मात्र त्याच्या वेळाच्या मोबदल्यांत खेळ मिळाला पाहिजे.