गाणे लावले की बंद पडतो!

संगणक चालता चालता एकाएकी थांबला, पडदा निळा झाला आणि त्यावर काही इंग्रजी अक्षरे उमटली, की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, "व्हायरस आला." दुसरे, "फॉरमॅट मारा." ही दोन्ही वाक्ये पडद्यावरची अक्षरे न वाचताच उच्चारली जातात, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे. खरे तर तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले, आणि त्यात एका मुलावर अन्याय झाला.

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक संगणक आहे. नादकाट्याचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याचे तरंग पडद्यावर पाहण्यासाठी तो वापरतात. अकरावीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत पेनड्राइव्ह लावून गाणे सुरू केले आणि संगणक बंद पडला. "सर, गाणे लावले की बंद पडतो. दोनदा करून पाहिले," असे तो आपण होऊन सांगायला आला. मी ते वाक्य कबुलीजबाब म्हणून ऐकले! पेनड्राइव्हमधून व्हायरस आला असे ठरवून त्याला संगणकाला हात लावायची बंदी केली आणि दुरुस्तीवाल्याकडून फॉरमॅट करवून घेतले. त्यात बारावीच्या मुलांच्या तीन आठवड्यांच्या अनुनादाच्या नोंदी पुसल्या गेल्या. (त्यांची प्रत काढून ठेवली नव्हती, हा दोषही माझाच.) दोन दिवसांनी संगणक पुन्हा बंद पडला. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा दोन दिवसांनी तेच. त्या खेपेस मात्र मी स्वतःच ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा मायक्रोफोनसमोर धरून बसलो होतो. पेनड्राइव्ह नव्हता आणि तो मुलगाही नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की त्या मुलाने गुन्हा कबूल केला नव्हता, निरीक्षण सांगितले होते. आणि तेही दोनदा पडताळून!

आता गाण्याचा आणि संगणक बंद पडण्याचा संबंध काय, ते पाहू. संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे. म्हणजे सेकंदाला ८८,२०० आकडे झाले. ते ध्वनीच्या चिपला वेळेवर पोचतील अशी व्यवस्था 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली पाहते. स्मृतीतील एका ठरावीक जागेत, म्हणजे बफरमध्ये, आकडे थोडे थोडे भरले जातात आणि चिप तेथून ते उचलते. बफर १० मिलिसेकंदांचा धरला, तर त्यात प्रत्येक बाजूचे ४४१ नमुने मावतात आणि तो सेकंदाला १०० वेळा भरावा लागतो. कामाची ही घाई लक्षात घ्या.

यातली एक गंमत तुम्ही ऐकलीही असेल. संगणक गोठला की पुष्कळदा स्पीकरमधून टर्रर्र असा कर्कश आवाज येत राहतो. तो कशाचा? स्मृतीतले आकडे उचलताना चिप दर वेळी प्रोसेसरची वाट पाहत नाही. प्रोसेसर थांबला की नवे आकडे येणे बंद होते. चिप बिचारी जुनेच आकडे पुन्हा पुन्हा वाजवते. १० मिलिसेकंदांचा तुकडा फिरून फिरून वाजला, तर त्याची मूळ वारंवारता १०० हर्ट्‌झ येईल. कधी हा आवाज कानी पडलाच, तर मोबाइलवर टिपून घ्या आणि वारंवारता मोजून तुकड्याची लांबी काढा. फुकटचा प्रयोग आहे!

साध्या आज्ञावलीत चूक झाली तर ती एकटी बंद पडते. वर्गातला एखादा मुलगा आजारी पडला म्हणून शाळेला सुट्टी देत नाहीत, तसेच हे. ड्रायव्हरची गोष्ट निराळी. तो कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करतो आणि त्याच्या हाती शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. त्याने स्मृतीच्या भलत्याच पत्त्यावर हात घातला, किंवा हाती घेतलेले काम फार वेळ अडवून धरले, तर पुढचे नुकसान टाळण्यासाठी कार्यप्रणाली स्वतःहून थांबते. निळा पडदा म्हणजे उडालेला फ्यूज. फ्यूज उडाला म्हणून कोणी घर पाडून पुन्हा बांधत नाही. पण फॉरमॅट करताना आपण दुसरे काय करतो?

मग आम्ही रीतसर प्रयोग केला. ओहमचा नियम पडताळताना तारेचे तापमान स्थिर ठेवता ना? तसे इथेही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्ह लावला, गाणे लावले नाही: संगणक चालू. पेनड्राइव्ह काढला, संगणकातलेच गाणे लावले: बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ध्वनीचे उपकरण तेवढे अक्षम केले आणि पेनड्राइव्हवरचा चित्रपट मुका चालवला: तासभर चालू. उपकरण पुन्हा सक्षम केले: पाच मिनिटांत बंद. त्याच खिडकीत ड्रायव्हरची तारीख पाहिली, तर तो इंटरनेटवरून आपोआप बदललेला दिसला. 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने आधीचा ड्रायव्हर परत आणला आणि दुखणे गेले. फॉरमॅट करूनही ते परत का येत होते, याचाही उलगडा झाला. दर वेळी तोच सदोष ड्रायव्हर इंटरनेटवरून पुन्हा येऊन बसत होता!

हा आमच्याच नशिबाचा भाग होता असे समजू नका. २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा इंटेलच्या ध्वनी-ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्यांमुळे अकराव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेल्या काही संगणकांवर निळा पडदा येत होता. मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांना नवी प्रणाली देणे काही काळ रोखून धरले. सुधारित ड्रायव्हर ओळखायचा तो शेवटच्या आकड्यावरून: तो ५७१४ किंवा त्याहून मोठा हवा. नुसते २९ ऐवजी ३० पाहून 'नवा आहे' म्हणणारा फसला असता.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. निळ्या पडद्यावर कधी कधी एखाद्या फाइलचे नाव येते. ते संशयिताचे नाव, गुन्हेगाराचे नव्हे. रॅमची पट्टी सदोष असली तरी दोष ड्रायव्हरच्या माथी येऊ शकतो. म्हणून पडद्याचे छायाचित्र घ्यावे, सेफ मोडमध्ये संगणक नीट चालतो का ते पाहावे (तेथे ध्वनीचा ड्रायव्हर चढवला जात नाही), रॅमची चाचणी घ्यावी, आणि मगच बोलावे.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला आपण कीबोर्ड आणि माउसच्या व्याख्या लिहून घेतो. बंद पडलेला संगणक दिसला की मात्र मुलांना बाहेर काढतो. माझ्या मते तो तास खरा तेव्हा सुरू होतो. बिघाड कोणत्या क्षणी झाला, त्याआधी काय बदलले होते, पुन्हा तसेच केले तर पुन्हा होतो का, हे मुलांना विचारावे. सगळ्यांत आधी ते ज्याच्या हातून बंद पडला त्याला विचारावे, आणि दम न देता. दम दिला की पुढच्या वेळी तो मुलगा काहीच सांगायला येणार नाही.

आमच्या मुलाला मी बोलावून घेतले, सर्वांसमोर चूक कबूल केली आणि बंदी उठवली. "सर, मी तेव्हाच सांगितले होते," एवढेच तो म्हणाला. आता त्या संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही असते. तारीख, वेळ, काय चालू होते आणि पडद्यावर काय उमटले, असे चार रकाने तिच्यात आखले आहेत. पहिल्या पानावरची पहिली नोंद मी त्याच्याकडूनच लिहून घेतली.