परग्रहावर क्वांटम मिस्ड कॉल?



मे महिन्यात इच्छापूरला गेलो होतो. संध्याकाळी इच्छादेवीच्या पायऱ्यांवर बसलो असताना भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, क्वांटमने परग्रहावर क्षणात मेसेज जातो म्हणे. खरं का?" त्याची दहावी झाली आहे आणि अकरावीत फिजिक्स घ्यायचे ते याच व्हिडिओमुळे. खरे सांगितले तर त्याचा उत्साह मावळेल, अशी भीती वाटली. तरी सांगितले.

व्हिडिओतला अर्धा भाग खरा आहे. दोन कण एकमेकांत असे गुंतवता येतात की त्यांना कितीही दूर नेले तरी त्यांच्या मोजमापांचा मेळ बसतो. हे प्रयोगांनी दाखवल्याबद्दल अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना 2022 चे नोबेल मिळाले.

मग अडते कुठे? समजा, एक जादूचे नाणे तुझ्याकडे आणि दुसरे पुण्यात माझ्याकडे आहे. तुझा छापा पडला की माझा काटा पडतो. पण छापाच पाडायचा, हे तुझ्या हातात नाही. मला दिसते ती फक्त छापा-काट्याची बेशिस्त रांग. आपला मेळ बसला हे कळायला तुला फोनच करावा लागेल, आणि फोन काही प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर, ज्यात आपल्या मनाने एक बिटही लिहिता येत नाही, त्याला मेसेज म्हणत नाहीत.

"म्हणजे क्वांटमचा उपयोगच नाही?"

आहे की! एडिनबरा विद्यापीठातल्या लॅथम बॉयल यांनी 2024 मध्ये हिशोब मांडला. प्रकाशकणांतून क्वांटम माहिती ताऱ्यांपर्यंत नेणे तत्त्वतः शक्य आहे. पण त्यासाठी दुर्बीण 100 किलोमीटरहून मोठ्या व्यासाची हवी! शिवाय वेग प्रकाशाचाच. सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा सुमारे 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज "कसे आहात?" विचारले, तर उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील.

तरीही माणसाने हाक मारलीच. 1974 मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून 1679 बिटांचा रेडिओ संदेश एम-13 या तारकागुच्छाकडे पाठवला गेला. तो पोहोचायला सुमारे 25 हजार वर्षे लागतील. पाठवणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही, हे ठाऊकच होते.

आणि ऐकणारे कान तर आपल्याच मुलखात आहेत. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचे शियापारेली यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याचा क्षीण रेडिओ संकेत याच तबकड्यांनी टिपला. यान पुढे कोसळले, पण त्याची हाक खोडदला ऐकू आली होती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मला वाटले, फिजिक्स गेले!

मग त्याने विचारले, "मामा, खोडदची दुर्बीण आपल्याला बघू देतात का?"

म्हटले, "28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, ती लोकांसाठी खुली असते."

येत्या फेब्रुवारीची माझी रजा आत्ताच टाकून ठेवली आहे.